गाळलेली शांतता

बुधवारा मोहल्ल्यातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात त्या बाई दुपारी यायच्या. नर्सिंग कॉलेजात मनोरुग्णांची शुश्रूषा शिकवायच्या आणि अशा रुग्णांच्या घरच्यांवर संशोधन करत होत्या. त्यांनी रेकॉर्ड केलेल्या मुलाखती मी हेडफोन लावून टाइप करायचो, कारण आमची हिंदी मिसळलेली मराठी ऐकून मोबाईलला आपोआप नीट टाइप करता येत नव्हती. रेकॉर्डिंगमधली नावं त्यांनी आधीच काढून टाकलेली असायची. तरी त्या शेजारी बसून राहायच्या, आणि कोणी गिऱ्हाईक आलं की स्क्रीनसमोर हात आडवा धरायच्या.

एकदा छापलेलं पान वाचता वाचता त्या थांबल्या.

"भाऊ, इथे मी या आईला विचारलं, रात्री झोप लागते का. त्या लगेच 'लागते' म्हणाल्या?"

"नाही मॅडम, खूप वेळ गप्प होत्या. पण गप्प बसणं काय टाइप करायचं?"

"उत्तर तेच आहे. 'लागते' तर त्या मला बरं वाटावं म्हणून बोलल्या."

मी ती शांतता परत घातली, पण बोटं चुकायला लागली. माझा धाकटा भाऊ कितीतरी दिवस खोलीबाहेर येत नव्हता. रोज सकाळी मी आईला हेच विचारायचो, आणि ती 'लागते' म्हणाली की निवांत दुकानात यायचो.

निघताना पर्स खांद्याला लावत बाईंनी सहज विचारलं, "घरी सब ठीक ना, भाऊ?"

"हो," मी म्हणालो, पण लगेच नाही.

बाई परत खुर्चीत बसल्या.