बाहेरून कुलूप

अरविंदच्या शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "माणसांत रमणारा माणूस गेला." त्यांच्यानंतर उठलेल्यांनी 'मनमिळाऊ' म्हटलं, तिसऱ्यांनी 'दार सदैव उघडं असलेला' असंही म्हणून घेतलं. मी पहिल्या रांगेत बसून चष्मा पुसत होते. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे मी, एका तासात इतकी चुकीची उत्तरं ऐकून घ्यायची मला सवय नाही. अरविंद माणसांत रमत नव्हता. लग्नाच्या पंगतीत तो घड्याळ बघायचा, बारशाला पाळण्यापेक्षा चपलांकडे त्याचं लक्ष जास्त. आणि दाराचं म्हणाल तर त्या दिवशी बोललेल्यांपैकी निम्म्या लोकांना त्याने आमच्या दारातून परत पाठवलं आहे. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण ते परत जाईपर्यंत मी त्याच्या शेजारी श्वास रोखून बसलेली असायचे. त्याला जाऊन आता दोन महिने होत आले. या दोन महिन्यांत आमच्या गिरीज गावात एकच वाक्य फिरतंय... अरविंदला कुलपाने मारलं. कुलूप म्हणताना सगळे बघतात माझ्याकडे. तेव्हा त्या कुलपाविषयी एकदा मीच सांगते.

आमचं घर वाडीत आहे. पुढे ओटा आणि रस्ता. मागे स्वयंपाकघराचं दार, ते उघडलं की केळी, नारळी आणि बावखल, म्हणजे वाडीतलं आमचं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या काठाने पायवाट जाते, तीही एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. वाडीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या धाकट्या दिराचं, प्रमोद भाऊजींचं घर. मी नाशिककडची, त्यात नवऱ्याला अरेतुरे करणारी, त्यात नोकरी करणारी. सासरची ही मंडळी आपापसात वाडवळी बोली बोलत आणि माझ्याशी बोलताना शाळा तपासायला साहेब आल्यासारखी मराठी काढत. तेही चाललं असतं. पण आम्हाला मूल झालं नाही, आणि मग मी सगळ्या गावाचा विषय झाले.

लग्नानंतरच्या सहाव्या पाडव्याची गोष्ट. दिवाळीतला पाडवा म्हणजे आमच्याकडे दिवसभर माणसांची रीघ. सकाळपासून मी सोळा वेळा चहा टाकला होता. दुपारी अरविंदची एक आत्या आली, ओट्यावर दहा-बाराजण बसलेले असताना तिने माझ्या पदरात नारळ घातला आणि मोठ्याने म्हणाली, "यंदा तरी देव बघंल गं तुझ्याकडं. का दोघांनाबी घाई नाय?" सगळे हसले. मी आत येऊन मोरीपाशी बसले आणि कपबश्या विसळत रडले. अरविंद आला, पाटावर बसला, एकेक कप पुसून फळीवर ठेवत राहिला. मला त्याचा राग आला होता, कारण बाहेर त्याने एक शब्दही काढला नव्हता. तसा तो भित्राच. भांडण त्याला जमत नसे.

पुढच्या वर्षी धनत्रयोदशीला त्याने वसईच्या बाजारातून एक पितळी कुलूप आणलं. मुठीएवढं, वजनदार. मला वाटलं, नेहमीचं काहीतरी. पाडव्याला सकाळी रीतीप्रमाणे मी त्याला तेल-उटणं लावलं, आंघोळ झाल्यावर ओवाळलं. मग तो शर्ट घालून बाहेर गेला, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकलं, वाडीतून वळसा घालून बावखलाच्या काठाने आला आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरून कडी लावली. चिखलाने भरलेल्या पायांनी तिथेच उभा राहून म्हणाला, "आपण गावाला गेलोय. उद्या भाऊबीजेला परत येणार."

त्यानंतर सत्तावीस पाडवे आम्ही असे 'गावाला' गेलो. लक्ष्मीपूजनाला आम्ही सासरच्या मूळच्या मोठ्या घरात असायचो, भाऊबीजेला सगळ्यांच्या पुढे. मधला हा एक दिवस तेवढा आमचा. त्या दिवशी आवाज करायचा नाही, एवढाच नियम. रेडिओ कानाशी. कुकर नाही, कारण शिटी होते. स्वयंपाक अरविंदचा: दहीपोहे, कच्च्या केळ्यांची भाजी आणि शेवटी पानात बांधलेली सुकेळी, आमच्याच वाडीतली राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली. जेवण झालं की तो माझ्या केसांना तेल लावायचा. "हे कुठल्या रीतीत बसतं?" मी कुजबुजत विचारायचे. तो म्हणायचा, "कुलूप तरी कुठे बसतं?" दिवाळी अंक आम्ही एकच घ्यायचो आणि पहिला कोण वाचणार यावरून दरवर्षी भांडायचो. मग त्याने तोडगा काढला. अंक मधोमध फाडायचा, एक अर्धा त्याला, एक मला, संध्याकाळी अदलाबदल. कथा अर्ध्यावर तुटली तर पुढचं काय झालं ते दुसऱ्याने खुणेने सांगायचं. सरकारी कचेरीत आयुष्यभर नकाशे काढलेला हा माणूस, खुणांनी खून आणि लग्न यांतला फरक मात्र त्याला कधी दाखवता आला नाही.

आणि बाहेर माणसं यायची. गाडी थांबल्याचा आवाज, पायऱ्यांवर चपला, मग कुलूप बघून सुस्कारे. अरविंद ओठांवर बोट ठेवायचा. आम्ही पत्ते हातात धरून पुतळे व्हायचो आणि आपल्याविषयी लोक काय बोलतात ते फुकटात ऐकायचो. सगळ्यांत सराईत माझी जाऊ, भाऊजींची बायको सुनंदा. "घरात कोन नाय," ती ओट्यावरून सांगायची, "मास्तरीणबाई गेल्या नवऱ्याला घेऊन हिंडायला. चार माणसं घरात आली तर हिचं काय झिजतं?" एकदा ती म्हणाली, "पोर ना बाळ, घरात राहून करनार काय!" अरविंदचा हात पत्त्यांवरच थांबला. मग त्याने हातातला हुकमाचा एक्का मुद्दाम माझ्यापुढे वाया घालवला आणि तो डाव हरला. पुढचेही हरला. त्या माणसाचं प्रेम हे असं होतं. तोंड उघडून दोन शब्द सुनावले असते तर मला जास्त आवडलं असतं... पण नाही, एक्का.

गेल्या पाडव्याला आंघोळीनंतर त्याला घाम येत होता. "पित्त झालंय," म्हणाला. तशातच कुलूप लावून, वाडीतून वळसा घालून आला आणि कॉटवर आडवा झाला. मी थंड दूध दिलं. साडेदहाच्या सुमाराला पुढे गाडी थांबली. प्रमोद भाऊजींची गाडी मी आवाजावरून ओळखते. मी उठले, अरविंदच्या कानाशी वाकून विचारलं, "सांगू का भाऊजींना? डॉक्टरकडे जाऊन येऊ." त्याने ओठांवर बोट ठेवलं. हसलासुद्धा. आणि मी... मी गप्प बसले. बत्तीस वर्षं वर्गात आवाज चढवणारी बाई, त्या एका बोटाला घाबरले. बाहेर भाऊजी बराच वेळ उभे होते. खिडकीच्या कठड्यावर त्यांनी काहीतरी ठेवलं. मग गाडी गेली.

पाऊण तासाने त्याने माझं मनगट धरलं आणि नुसताच बघत राहिला. मी भाऊजींना फोन केला, किल्ली घेऊन मागच्या दाराने अनवाणी धावले, केळींतून, बावखलाच्या काठाने, स्वतःच्याच घराचं कुलूप बाहेरून उघडायला. ते एरवी अरविंदच उघडायचा. मला ती किल्ली लागेना. भाऊजींची गाडी आली तेव्हा मी ओट्यावर उभी राहून कुलपाशी झटत होते. दवाखान्यात पोचलो तेव्हा तो गेलेला होता. भाऊजी तिथे सगळ्यांसमोर ओरडले, "मी दारात येऊन गेलो होतो, वहिनी! दाराला कुलूप होतं! तुम्ही आतून एक हाक मारली असती!" डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर कदाचित... त्या 'कदाचित'चं उत्तर मला काढता येत नाही, आणि मी रोज ते काढायला बसते.

अरविंद, मला तुझा राग येतो. ते बोट ठेवलंस त्याचा येतो, हसलास त्याचा तर फारच येतो.

त्यानंतर माझ्या घराचं दार मिटलेलं नाही. "वहिनीला एकटं सोडायचं नाही," असं ठरलं, मला कोणी विचारलं नाही. सकाळी सुनंदा येते, डबे उघडून बघते. दुपारी कोणी ना कोणी येतं, माझ्या उशाशी बसतं आणि पाच मिनिटांत कुलपाकडे वळतं. वटार गावाहून एक बाई आल्या, ज्यांना मी ओळखतसुद्धा नाही, त्यांनी कुलूप हातात घेऊन पाहिलं. हे सांत्वन नव्हे, हे प्रदर्शन बघायला येणं आहे. नाताळच्या सकाळी आजूबाजूच्या ख्रिस्ती घरांतून गाण्यांचे आवाज येत होते, सगळ्यांना सुट्टी. मला दिसत होतं, आज दिवसभर रीघ लागणार. मी कुलूप घेतलं, पुढच्या दाराला लावलं, वाडीतून वळसा घालून मागून आत आले आणि कडी लावली. मग दिवाळी अंकाचा त्याचा अर्धा भाग घेऊन बसले. पाडव्याला अदलाबदल राहून गेली होती.

अकराच्या सुमाराला ओट्यावर पावलं वाजली. कोणीतरी पायरीवर बसलं. मग भाऊजींचा आवाज आला, हळू, दाराच्या अगदी जवळून.

"वहिनी, मला माहीत आहे तुम्ही आत आहात."

मी हलले नाही.

"त्या दिवशीपण माहीत होतं. कपबशीचा आवाज आला होता मला. आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं, पहिल्या वर्षापासून. मागच्या दोरीवर तुमचे टॉवेल वाळत असायचे. दादाला मी विचारलं, तर म्हणाला, वर्षातला एक दिवस तिला द्या, हाक मारू नका. म्हणून नाही मारली... त्या दिवशीसुद्धा. दारात इतका वेळ उभा राहिलो, मिठाई ठेवली आणि गेलो. दवाखान्यात तुमच्यावर ओरडलो, कारण..."

सत्तावीस वर्षं आम्ही ज्यांना फसवत होतो ते फसलेच नव्हते. या भित्र्या माणसाने माझ्यासाठी भावापाशी शब्द टाकला होता आणि मला कधी सांगितलं नव्हतं. हे ऐकून मी रडायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात आधी दुसरंच आलं. मी दाराशी गेले आणि विचारलं, "म्हणजे सुनंदा ओट्यावर उभी राहून जे बोलायची, ते मी ऐकतेय हे तिला माहीत होतं?"

"हो."

"पोर ना बाळ, तेपण?"

"हो, वहिनी."

भाऊजींना मी माफ केलेलं नाही. दोन महिने गावाने मला जाळलं आणि हा माणूस तोंड मिटून ऐकत होता. पण त्या सकाळी दाराच्या एका बाजूला मी गप्प बसले होते आणि दुसऱ्या बाजूला ते, हेही खोटं नाही. एक हाक त्यांच्याकडे होती, एक माझ्याकडे. मी म्हणाले, "चपला हातात घ्या आणि मागच्या दाराने या." त्या दाराने पाडव्याला अरविंदशिवाय कोणी आत आलं नव्हतं. भाऊजी बावखलाच्या काठाने आले, पायांना चिखल लागला होता. पाटावर बसले. मी चहा टाकला, कप पुसून त्यांच्या हातात दिला.

कप अर्धा झाला असेल, तेवढ्यात पुढे स्कूटर थांबली. पायऱ्यांवर चपला वाजल्या, कुलूप खडखडलं. "बघा," सुनंदाचा आवाज आला, चांगला मोठा, "नवरा गेला तरी हिची सवय नाय गेली." भाऊजी कप खाली ठेवून उठायला लागले, त्यांचं तोंड उघडलं होतं.

मी ओठांवर बोट ठेवलं.

ते माझ्या बोटाकडे बघत खाली बसले आणि आवाज न करता रडायला लागले. स्कूटर निघून जाईपर्यंत मी बोट काढलं नाही.