मोहनकाकांचा कापलेला प्रवेश

मोहनकाकांबद्दल काहीतरी छान लिही, असं ग्रुपवर तिघांनी सांगितलं. छान लिहायची माझी लायकी नाही.

त्यांना जाऊन आज महिना झाला.

काका साताऱ्याला शाळेत पीटीचे सर. रिटायर झाल्यावर सिंगापूरला, टॅम्पिनीसला लेकीकडे, सायलीकडे राहायला आले. आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये एकदा सहज डोकावले ते कायमचे चिकटले.

"घरी टीव्हीचं डोकं खाण्यापेक्षा तुझं खातो," म्हणायचे.

आमचं नाटक होतं दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं तेव्हा कैद झालेल्या हिंदी सैनिकांवर. सगळं इंग्लिशमध्ये. दिग्दर्शक मी. काका हवालदार. त्यांचा एकच प्रवेश, सात मिनिटांचा, तेवढाच मराठीत.

हवालदार कैदेत आपल्या तुकडीची हजेरी घेतो. मेलेल्यांचीही नावं पुकारतो, आणि त्यांच्या वतीने "हजर" स्वतःच म्हणतो.

बस्स. एवढंच.

पहिल्यांदा रिहर्सलला केलं, तेव्हा कम्युनिटी क्लबच्या हॉलला कुलूप लावायला आलेले चिनी अंकल दारातच थांबले. मराठीचा म कळत नाही त्यांना. शेवटी हळूच म्हणाले, "ही इज कॉलिंग द डेड वन्स, इज इट?"

मग इंग्लंडमधल्या एका लहान गावातल्या थिएटरने बोलावलं. तिथे युद्धकाळावरच्या नाटकांचा सीझन होता, ठिकठिकाणचे ग्रुप येणार होते. काका विमानात सगळ्यांना चिवडा वाटत फिरत होते. एअर होस्टेसलाही सोडलं नाही.

पोहोचलो त्याच दुपारी थिएटरच्या मॅनेजरबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. प्रेक्षक बहुतेक म्हातारे, गावाबाहेर जाणारी त्यांची शेवटची बस ठरलेली. नाटक सात मिनिटं आधी संपवा. कुठली सात मिनिटं, ते तुम्हीच ठरवा.

मी तिथल्या तिथे ठरवलं. इंग्लिश लोकांना मराठी काय कळणार!

माझा स्वतःचा नऊ मिनिटांचा मोनोलॉग होता. त्याला हात लावला नाही.

बाहेर आले. काका दाराजवळच्या बाकावर युनिफॉर्मची बटणं शिवत बसले होते.

"काका, थिएटरवाले तुमचा सीन नको म्हणतायत."

"बरं," म्हणाले. "मग कपड्यांच्या इस्त्रीचं मी बघतो."

तिन्ही प्रयोगांना इस्त्री करून दिली. विंगेत उभे राहिले. सगळ्यांना पाणी दिलं.

त्यानंतर ते कधी स्टेजवर चढले नाहीत. "दम लागतो गं आता." लिफ्ट बंद पडली की बारा मजले चढून जाणारा माणूस हा!

मला सगळं कळत होतं. दोन वर्षं मी विषय काढला नाही.

गेल्या रविवारी सायलीकडे गेले. ती माझा हात धरून म्हणाली, "ताई, बाबा सगळ्यांना सांगायचे. माझ्या सीनसाठी ही पोरगी मॅनेजरशी दोन तास भांडली. त्या बाई ऐकेनात, तर रडली बिचारी."

दोन तास?

अहो काका, दार उघडं होतं! तुम्ही चार पावलांवर बसला होतात. पाच मिनिटांत बाहेर आले मी. आणि तेवढं इंग्लिश तुम्हाला नक्की येत होतं.

सगळं ऐकून त्यांनी लेकीला, नातीला, साताऱ्याच्या मित्रांना असं सांगितलं. का? मला लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून? ग्रुप फुटू नये म्हणून? आता कुणाला विचारू?

आणि मी काय केलं? त्यांच्या फोटोसमोर बसून म्हणाले, "हो गं. फार प्रयत्न केला."

शी! स्वतःचीच किळस आली.

आज सकाळी सायली नोकरी करते त्या नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमध्ये गेले. कँटीनमध्ये बसून तिला खरं ते सांगितलं. ती बराच वेळ कॉफी ढवळत राहिली. माझ्याकडे बघितलं नाही.

मग म्हणाली, "बाबांनी ज्यांना ज्यांना सांगितलंय, त्या सगळ्यांना सांग."

म्हणून सांगतेय.

मोहनकाकांचा प्रवेश थिएटरने कापला नाही. मी कापला. माझा मोनोलॉग शाबूत राहावा म्हणून. त्यांच्यासाठी मी एक शब्दही बोलले नाही.

काका, पाया पडते. माफी मागायला दोन वर्षं होती माझ्याकडे.