कोऱ्या चौकटीतली सायकल

आमच्या आत्याच्या थोरल्या दिरांइतका रिकामपणात घाम गाळणारा माणूस अख्ख्या कलकत्त्यात दुसरा नसेल. जन्म बागबाजारचा, धंदा भिंती रंगवण्याचा. दुसऱ्यानं रंगवलेली भिंत दिसली की काका रस्त्यापलीकडे उभे राहून, एक डोळा मिटून बघत आणि भर गर्दीत विचारत, "हा हत्ती आहे की गाभण म्हैस?" एका लग्नात तर नवरानवरीला सोडून त्यांनी पडद्यावरच्या मोराशीच भांडण काढलं होतं.

मी सातवीतून शाळा सोडून पोटासाठी आत्याकडे आलेलो. विशीतला धडधाकट गडी, पण तिच्या घरची दुसरी पोळी घेताना हात आखडायचा. काकांनी मला हाताखाली घेतलं, वर एका छापखानेवाल्या बाबूंकडे शब्दही टाकला. सत्तरच्या दशकातल्या त्या निवडणुकीत बाबू अपक्ष उभे होते. "प्रचारात नीट वागला, तर घेतो छापखान्यात," असं ते म्हणाले आणि माझा जीव त्या एका वाक्याला टांगला गेला.

तिकडे भिंत आधी धरून ठेवतात. चुना मारून उमेदवाराचं नाव घातलं की दुसरा तिला हात लावत नाही. आम्ही नाव घातलं, पण अपक्षांना चिन्हं मिळायची होती अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. तोवर नावाखाली कोरी चौकट आणि तिच्यासमोर बाकड्यावर आम्ही दोघं. सभा नाही, मिरवणूक नाही. काका स्वतःशीच बुद्धिबळ खेळत, आणि हरले की माझ्यावर ओरडत, "तू श्वास मोठ्यानं घेतोस!" विरोधी पक्षाच्या पोरांना बोलावून त्यांच्याच चिन्हातल्या चुका दाखवत, पोरं वर त्यांना चहा पाजत. शेवटी ती चौकट त्यांना बघवेना. रोज सकाळी ते अंदाजानं एक चिन्ह काढू लागले, कधी छत्री, कधी कंदील, आणि संध्याकाळी त्यावर चुना फासू लागले. लोक ट्राममधून वाकून विचारत, "आज काय निघालं, मोशाय?"

एका दुपारी ते जेवायला गेले आणि मला हुक्की आली. मी सायकल काढली. काका आले, बराच वेळ बघत राहिले. "आज चुना संपलाय," म्हणाले. डबा काठोकाठ भरलेला होता.

सायकल दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी चिन्हं वाटली गेली. आमच्या बाबूंना जहाज मिळालं, आणि सायकल त्यांच्या समोरच्या अपक्षाला! त्याची माणसं मिठाई घेऊन आमचे आभार मानायला आली. मागोमाग बाबू आले, लालबुंद.

"कुणाचा हा पराक्रम?"

मी तोंड उघडणार तोच काका उठले. "माझा."

"तुमचा? आणि हँडल इतकं वाकडं?"

उभ्या जन्मात आपली एक रेघ चुकल्याचं ज्यांनी कबूल केलं नव्हतं, ते काका भर रस्त्यात म्हणाले, "वय झालं, बाबू. हात थरथरतो. हा पोरगा सांगत होता, पुसा म्हणून. मीच ऐकलं नाही."

बाबू निवडणुकीत पडले, पण शब्दाचे पक्के निघाले. मला छापखान्यात घेतलं. काकांना मात्र पुन्हा कुणी भिंत दिली नाही. हात थरथरत असल्याची बातमी बागबाजारभर झाली होती. कामाच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो आणि म्हटलं, "काका, आज खरं सांगून टाकतो."

"खबरदार, गाढवा. सायकल माझी आहे."

घरात शेवटपर्यंत आत्याला सुईत दोरा तेच ओवून देत, एका झटक्यात. पण चारचौघांत चहा आला, की कप दोन्ही हातांनी धरत.