दोन तासांत उषा पोचली नव्हती

भुताखेतांच्या गोष्टी मी करमणूक म्हणूनच वाचत आलो. आयुष्य ग्रंथालयात गेलं. छापलेल्यावरही चटकन विश्वास ठेवायची सवय नाही. तरी हे इथे लिहितो आहे...

माझी पत्नी उषा गेल्या हिवाळ्यात गेली. तिचं माहेर वाराणसीचं, दूधविनायकच्या गल्लीतलं. अस्थी रामघाटावर गंगेत सोडाव्यात, एवढंच तिने सांगून ठेवलं होतं. पुण्याहून वाराणसीच्या बाबतपूर विमानतळापर्यंत विमानाने जेमतेम दोन तास. उषा मात्र जन्मभर माहेरी रेल्वेनेच गेली.

अस्थींच्या तांब्याला तिच्या सुती साडीचा तुकडा मीच बांधला होता. पुण्याच्या विमानतळावर तपासणीसाठी तो सोडायला लावला. गाठ सहज सुटली. पुन्हा तशीच बांधली.

दूधविनायकला पोचलो तर तिचे थोरले भाऊ, दादा, म्हणाले, "भाऊजी, वाटेत नद्या सांगितल्यात ना तिला?"

"कसल्या नद्या?"

"अहो, अस्थी आणताना प्रत्येक पुलावर सांगायचं असतं — उषे, गोदावरी आली, चल. नर्मदा आली, चल. नाहीतर माणूस मागे राहतो."

"विमानात पूल कुठले, दादा?"

"तेच तर! ती अजून पोचलेली नाही. रेलनेच येणार. उद्यापर्यंत ठहरा."

मला वाटलं, आजारपणात भेटायला जमलं नाही, म्हणून बहिणीला एक दिवस घरात ठेवून घ्यायचं निमित्त काढताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच नावेत बसलो. मध्यधारेत गाठ सोडायला घेतली... सुटेना. बोटं दुखली. नावाडी म्हणाला, "बाबूजी, काट दें?"

तिची साडी कापवेना. आणि पहिल्यांदाच मनात आलं — आत उषा नसेल तर? मी नुसती हाडंच सोडून परत जाईन. नाव वळवायला सांगितली.

दादा मोबाइलवर पुण्याची गाडी कुठे आली ते बघत होते. "लेट आहे. हिची गाडी कधी टाइमावर आली आहे?"

तेव्हा मला संशय आला, रात्री मी झोपल्यावर यांनीच गाठ भिजवून आवळली असणार. तांब्या मांडीवर घेऊन बसलो. दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही.

दिवेलागणीला दादा उठले. "गाडी लागली."

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही हात तांब्याभोवती होते, आणि गाठ सुटून साडीची दोन्ही टोकं माझ्या मनगटांवर पडली होती.

दादा जवळ आले. वाकून तांब्यालाच म्हणाले, "आलीस? हातपाय धू आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून तिला गंगेत सोडलं.

त्या साडीचा उरलेला भाग घरी आहे. तशीच गाठ मारून पाहिली... भिजवून, वाळवून, दातांनी आवळून. दर वेळी सुटते. त्यामुळे त्या संध्याकाळी ती सुटली, याचं मी आता फारसं नवल करत नाही. सकाळी नावेत का सुटली नाही, ते मात्र मला अजूनही सांगता येत नाही.