आडोशाचा ऊस

माझ्या थोरल्या जावेला, आक्काला, दोन गोळ्या होत्या. एक बीपीची, एक पाण्याची. पाण्याची म्हणजे अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी. बीपीची ती न चुकता घ्यायची. पाण्याची मात्र भेंडीच्या तोड्याच्या दिवशी डबीतच राहायची, आणि भेंडीचा तोडा असतो एक दिवसाआड. म्हणजे निम्मं औषध डबीतच.

का, ते बाईमाणसाला सांगायला लागत नाही. पुरुषांसाठी सांगते. सणसरच्या शिवारात आमची भेंडी रस्त्याला लागून, आणि घर पार लांब वस्तीवर. शेजारी आमचाच ऊस उभा आहे तोवर काळजी नसते, बाई सरीत शिरली की कुणाला दिसत नाही. पण कारखान्याची तोड झाली की थेट कालव्यापर्यंत उघडं रान. रस्त्यानं ट्रॅक्टर, बांधावर गडी, भेंडी न्यायला आलेला टेम्पोवाला. अशा ठिकाणी घडीघडी उठायला लावणारी गोळी खाऊन कोण येईल? पुरुषांचं काय, पाठ फिरवली की झालं!

त्या हंगामात ऊस गेला आणि जावेनं तोड्याच्या दिवशीची गोळी सोडली. वर सकाळपासून पाण्याचा घोटही घ्यायची नाही. पाय सुजले, चप्पल चढेना, चार पावलं टाकली की धाप. मी विचारलं तर म्हणायची, "वय झालं गं." डोंबलाचं वय! मग बारामतीला दाखवायला जायचं ठरलं. डॉक्टरांना सूज दिसू नये म्हणून बाईनं आदल्या संध्याकाळी पाण्याच्या दोन गोळ्या एकदम घेतल्या. उठून न्हाणीकडं निघाली, भोवळ आली आणि कपाळ उंबऱ्यावर आपटलं. माझा पदर रक्तानं भिजला. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. ह्या घरात आले तेव्हापासून मला सांभाळून घेतलं ते ह्या बाईनं. ती गेली तर माझं कोण होतं?

दवाखान्यात कपाळाला टाके पडले आणि मग डॉक्टर चिडले. "मावशी, गोळी का चुकवता?" शेजारी तिचे मालक उभे, म्हणजे माझे थोरले दीर. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, मीही. त्यांच्यापुढं ती काय बोलणार! "इसरते जी," म्हणाली. माझं डोकंच फिरलं.

"इसरत बिसरत काय न्हाय, डॉक्टर. ऊस तुटला. रानात बसायला आडोसा न्हाय, म्हणून खात न्हाय."

तात्यांनी मान खाली घातली. जावेनं मला असा चिमटा काढला की वळ उठला.

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग नीट समजावून सांगायला लागले. पाण्याची गोळी पहाटे उठल्या उठल्या घ्या, म्हणजे बराचसा जोर घरीच निघून जाईल. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, आणि आपल्या मनानं बंद तर मुळीच करायची नाही. जुलाब-उलट्या लागल्या तर मला विचारा. उठताना दमानं उठा, पाणी पिणं सोडू नका. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधनं दुखायची गोळी आणत असाल तर तीही मला आधी दाखवा, सगळ्या चालत नाहीत.

पहाटेची गोळी सुरू झाली, सूज उतरली. तरी रानात एखाददुसऱ्या वेळी उठावं लागायचंच. तोवर तुटलेल्या उसाचा खोडवा फुटून डोक्याएवढा उंच झाला होता, म्हणून निभावलं. पण तोड पुन्हा येणार हे मला दिसत होतं.

आलीच. तोडणीची टोळी फडात शिरली तशी मी भेंडीकडच्या सऱ्यांपुढं जाऊन उभी राहिले. मुकादमाला म्हटलं, "ह्या चार सऱ्या ऱ्हाऊ द्या."

तात्या धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाहीत. तेही मुकादमालाच म्हणाले, "तिला म्हणावं, येड लागलं का? चार सऱ्यांसाठी परत गाडी कोण लावंल? वाळून जाईल ऊस. आन लोकांनी इचारलं, कशाला ठेवलाय, तर काय सांगायचं?"

"मी सांगते की! बायांना मुतायला ठेवलाय."

टोळीतल्या बायांचे कोयते थांबले. एकीनं तोंडाला पदर लावला. तात्यांचे कान लाल झाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडं बघून बोलले. "बाईमाणसानं असं बोलत्यात व्हय?"

"मग काय, मरायचं पण बोलायचं न्हाय? तात्या, ऊस वाळला तर पुन्हा लावाल. आक्का गेली तर तिच्या जागी काय लावणार हाय?"

आवाज चिरकला माझा. रडूही यायला लागलं होतं, पण जागची हलले नाही. तात्या भेंडीत उभ्या असलेल्या बायकोकडं बघत राहिले. कपाळावरचा व्रण लांबूनही दिसत होता. मग मुकादमाला एवढंच म्हणाले, "सोड त्या," आणि बांधाकडं चालायला लागले.

दुपारी टोळीतल्या बाया एकेक करून त्या सऱ्यांत जाऊन आल्या.

पुढच्या तोड्याला टेम्पोवाला वजन करत होता, तात्या क्रेट उचलून देत होते. रस्त्यावर दोघं-तिघं मोटारसायकल थांबवून गप्पा मारत होते. आक्कानं कमरेची ओटी सोडली, भेंडी क्रेटमध्ये ओतली आणि चारचौघांत खणखणीत आवाजात म्हणाली, "मी जाऊन येते गं."

मोटारसायकलवाल्यांनी वळून बघितलं. तिनं त्यांच्याकडं बघत बघत पदर खोचला आणि सावकाश उसात शिरली.