उधाणाचा गाळ

एका मंगळवारी माझे पती प्रयोगशाळेत गेले आणि तिथेच वारले.

कोकणातल्या एका नदीवर ते काम करत. समुद्राची भरती तिच्या मुखातून बरीच आत चढते आणि वरच्या अंगाला कारखाने आहेत. शिसं, क्रोमियम, जस्त पाण्यात फारसं विरघळत नाही, तरंगत्या गाळाला चिकटून हिंडतं, असं ते सांगत. म्हणून दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, उधाण साधून, ते पुण्याहून जात आणि होडीतून पाण्याचे नमुने घेत, मग ते कागदातून गाळून वर राहिलेला गाळ तपासत. आमच्या संसारातल्या बहुतेक पौर्णिमा त्या नदीने नेल्या.

सोबत त्यांची सहकारी असे. ते गेल्यावर भेटायला आली तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, सर होडीत काय सुरेख गायचे!"

माझ्यासमोर ते कधी गुणगुणलेही नव्हते.

"घरी रेडिओ आहे ना, म्हणून गरज पडली नसेल," मी म्हणाले.

तिने मान खाली घातली. शेवटच्या, अमावास्येच्या फेरीचे गाळणकागद आमच्याच फ्रिजमध्ये होते. ते पुढच्या आठवड्यात नेते म्हणाली. "तोवर डबी उघडू नका हं."

ते 'हं' मला लागलं. माझ्या घरात, माझ्या फ्रिजमध्ये! ती गेल्यावर मी डबी काढली. सहा गोल कागद, प्रत्येकावर तपकिरी गाळाचा पातळ थर. काय होतं या चिखलात, जे माझ्यात नव्हतं? भुवया कोरायच्या स्टीलच्या चिमट्याने मी एकेक कागद उचलला, उजेडात धरला, टोकाने खरवडूनही पाहिला. ते प्लॅस्टिकचाच चिमटा वापरत. स्टीलमधलं क्रोमियम नमुन्यात उतरतं, हे मी वीस वर्षं ऐकत आले होते. तरीही.

ती आली. डबी हातात घेऊन तिने विचारलं, "धातूचं काही लागलं नाही ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण मी शनिवार पेठेत एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. त्यांच्या नावाखाली चुकीचा आकडा छापला गेला असता, आणि तो मी घातलेला असता.

"लागलंय. सगळ्यांना. मीच लावलं."

ती तिथेच खुर्चीत बसून रडली. मी अजून रडले नव्हते. त्यातही ती पुढे गेली.

त्यांचा शोधनिबंध छापून आला आहे. मुद्रितं तिने माझ्याकडेच पाठवली होती. तक्त्यात शेवटच्या अमावास्येपुढे आकडा नाही, आडवी रेघ आहे.