न आलेल्या कॅमेऱ्याची वाट

आमची चिमी शाळेत जायच्या वयाची झाली तरी घरात तिचा एकही फोटो नव्हता. आणि तिच्या वडिलांचा तर फोटो स्टुडिओ होता, आखाडा बाळापूर गावच्या बाजारात.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं? (मीही तेच म्हणत होते!) गावातल्या नवरदेवांचे, पहिलवानांचे, एवढंच काय, पोळ्यात सजवलेल्या बैलांचेही फोटो आमच्या ह्यांनी काढले होते. ते सगळे रिळाच्या कॅमेऱ्यावर. पण स्वतःच्या लेकीचा पहिला फोटो निघणार तो मोठ्या, व्यावसायिक डिजिटल कॅमेऱ्यावरच, असा त्यांचा पण होता. बरं, असे कॅमेरे बाजारात आले नव्हते असंही नाही. आले होते! पण ह्यांना नेहमी हवा असायचा तो पुढचा, न आलेला.

फोटोचा कागद आणायच्या निमित्तानं हे हिंगोलीला जात आणि तिथल्या इंटरनेट कॅफेत बसून पुढच्या मॉडेलच्या अफवा वाचून येत. मग शेजारच्या दुकानातले घड्याळवाले खाजाभाई आणि हे, दोघं सोयरीक ठरवायला बसल्यासारखे बसत. सेन्सर मोठा देणार म्हणे. अंधारातही फोटो स्वच्छ येणार म्हणे. मागचा पडदा तळहाताएवढा होणार म्हणे. खाजाभाईंनी जन्मात कधी कॅमेरा हातात धरला नव्हता, पण "अभी मत लो भाई, अगला आने दो" हे ते फार ठामपणे सांगत.

चिमीच्या बारशाला फोटो राहिला, कारण नवं मॉडेल येऊ घातलं होतं. ते आलं, तर पहिल्या खेपेत खोट असते म्हणून हे थांबले. तिचे पहिले दात आले तेव्हा पुढच्याची बातमी फुटली होती. एका बुद्ध पौर्णिमेला चिमीला पांढराशुभ्र फ्रॉक घालून मी विहारात नेलं. इतकी गोड दिसत होती पोरगी! मी म्हटलं, आता तरी कुणाचा कॅमेरा मागून आणा.

"आत्ताच्या मॉडेलात पांढऱ्या कपड्याच्या चुण्या दिसत न्हाईत," हे म्हणाले. "पुढच्यात सुधारणा करून राहिलेत."

चुण्या मी इस्त्री फिरवून आधीच घालवल्या होत्या. तरी फोटो निघाला नाही.

एकदा जेवताना ह्यांनी जाहीर केलं की पुढचा कॅमेरा एका सेकंदात आठ-आठ फोटो काढणार. सासूबाईंचा भाकरी थापता हात थांबला. "एका सेकंदात लेकरू असं किती बदलतंय रे बाबा?" त्यांनी विचारलं. ह्यांनी दुसरी भाकरी मागितली.

मला मात्र रडू यायचं. चिमीचं बोळकं गेलं, कुरळं जावळ गेलं, ते बोबडं बोलणंही गेलं. यातलं काहीच पुन्हा दिसणार नव्हतं. हिंगोलीकडच्या गोरेगावाहून येणारे माझे वडील दर भेटीत नातीचा फोटो मागायचे आणि जावई फोटोग्राफर असल्याचं आठवून स्वतःच विषय बदलायचे.

शेवटी शाळेत नाव घालायची वेळ आली. फोटो पाहिजे, आणि आजच पाहिजे. स्टुडिओला कुलूप, हे अफवा आणायला हिंगोलीला! मी चिमीला काखेत मारलं आणि सरळ समोरच्या फोटोवाल्याच्या स्टुडिओत शिरले. तो बिचारा खुर्चीवरून उठूनच उभा राहिला.

"वहिनी, तुमी? भाऊचा कॅमेरा बिघडला काय?"

"कॅमेरा न्हाई हो," मी म्हटलं, "डोकं."

संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं की फोटोवाल्याची बायको समोरच्याकडून फोटो काढून गेली. हे तणतणत घरी आले. तो चिमुकला फोटो हातात घेऊन आधी म्हणाले, "उजेड एकाच बाजूनं पडलाय." मग कितीतरी वेळ नुसते बघत बसले. जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन कॅमेरा घेऊन आले. डिजिटलच, पण कुणीतरी वापरलेला, जुना. मूळ मालकानं विकला होता, कारण तो पुढच्या मॉडेलसाठी थांबला होता!

रविवारी अंगणात घरच्यांचा फोटो काढायचं ठरलं. सासूबाई खुर्चीवर, चिमी त्यांच्या मांडीशी, मी ठेवणीतल्या साडीत. कॅमेरा स्टँडवर. हे बटण दाबायचे, धावत येऊन आमच्यात उभे राहायचे, पुन्हा काहीतरी नीट करायला धावायचे. ऊन सरकलं, चिमीला भूक लागली, माझी पावडर घामानं वाहून गेली. शेवटी एकदाचे हे माझ्या शेजारी स्थिर झाले. आणि समोर बघत हळूच म्हणाले, "अगं, पुढच्या मॉडेलात ना..."

मी वळले. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. तेवढ्यात कॅमेऱ्यानं त्याचं काम केलं.

फोटोत चिमी खळखळून हसतेय. सासूबाई ताठ बसल्यात. हे गरीब गाईसारखे उभे. आणि मध्ये मी! बोट उगारलेलं, आ वासलेला, दाढा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. मी म्हटलं, फाडून टाका. ह्यांनी तो मोठा करून नमुना म्हणून स्टुडिओच्या दारात लावला.

गिऱ्हाईक थांबून बघायला लागलं. खाजाभाईही आले. डोळ्याला लावलेलं भिंग काढून त्यांनी तो फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला, आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारली.

"अब अगले का इंतजार नक्को करो भाई," ते म्हणाले. "इसमें तो भाभी का आवाज बी आता."